थकलेल्या टी पेशींवर काम सुरू करण्याआधी

प्रिय,

टी पेशींवरचा, म्हणजे विषाणूबाधित पेशी ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवरचा, तुझा संशोधन आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण ‘जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये टी पेशी निकामी होतात’ हे पहिलंच वाक्य खोडून टाक, कारण पुढचे सगळे प्रयोग त्यावर बेतलेत आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते.

आधी हे ध्यानात घे की हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशींना सहसा स्वतः मारत नाही. यकृताची नासधूस होते ती मुख्यतः आपल्याच प्रतिकारयंत्रणेमुळे. यकृतातल्या बहुसंख्य पेशी बाधित असताना टी पेशींनी त्या सरसकट मारायच्या ठरवल्या, तर विषाणूआधी रोगीच जाईल. प्रौढ माणसाला हा संसर्ग झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण स्वतःहून बरे होतात, आणि तेही बहुतेकदा यकृत शाबूत ठेवून. १९९९ साली चिंपांझींवर झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं: यकृताला मोठी इजा होण्याआधीच विषाणूचा बराचसा डीएनए नाहीसा झाला होता. टी पेशी सोडतात ती गॅमा इंटरफेरॉनसारखी रसायनं पेशीला न मारताही विषाणूचं उत्पादन थांबवतात. जन्मावेळी आईकडून संसर्ग झालेल्या बाळांचं मात्र उलटं, त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांपर्यंत बाळांत तो कायमचा ठाण मांडतो.

वर्षानुवर्षं समोर प्रतिजन (टी पेशी ओळखतात तो विषाणूचा अंश) असलं की टी पेशी हळूहळू हात आखडता घेतात. हे प्रथम उंदरांमध्ये, एलसीएमव्ही या उंदरांच्या विषाणूच्या जुनाट संसर्गात नीट दिसलं. पेशी जिवंत होत्या, विषाणू ओळखत होत्या, पण काम करत नव्हत्या. यालाच टी पेशींचा थकवा म्हणतात. टी पेशी सोडतात त्या संदेशवाहक प्रथिनांपैकी आयएल-२ बनवणं आधी सुटतं, मग टीएनएफ, आणि गॅमा इंटरफेरॉन सर्वांत शेवटी. २००६ मध्ये पीडी-१चा (टी पेशीवरच्या, तिला आवरणाऱ्या प्रथिनाचा) मार्ग अडवल्यावर यातल्या काही पेशी पुन्हा कामाला लागल्या. त्या पेशी मेल्या नव्हत्या, त्यांच्यावर ब्रेक लागला होता.

आता तुझ्या आराखड्यातली खरी अडचण. पीडी-१ दिसलं की पेशी थकलेली, असं तू गृहीत धरलं आहेस. नुकत्याच चेतवलेल्या, ठणठणीत टी पेशीवरही पीडी-१ असतं. त्यामुळे सोबत टॉक्स (थकव्याची जनुकं चालवणारं प्रथिन) आणि टीसीएफ-१ (पुन्हा वाढू शकणाऱ्या पेशींतलं प्रथिन) बघ, आणि पेशी खरोखर काय बनवते ते मोज. पीडी-१ अडवल्यावर भराभर वाढतात त्या मुख्यतः टीसीएफ-१ असलेल्या पेशी, थकव्याच्या पार टोकाला पोहोचलेल्या नव्हेत. म्हणून सगळ्या थकलेल्या पेशींची एकच सरासरी काढलीस तर त्यातून काहीही कळणार नाही.

हिपॅटायटिस सीमधली एक गोष्ट मला फार आवडते. एकाच रोग्यात विषाणूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा उत्परिवर्तनाने बदलतो आणि टी पेशीच्या नजरेतून निसटतो. त्या जुन्या तुकड्यासाठीच्या पेशी मग थकलेल्या न दिसता स्मृतिपेशींसारख्या (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या ठणठणीत पेशींसारख्या) दिसतात. शेजारच्या, न बदललेल्या तुकड्यासाठीच्या पेशी मात्र थकलेल्याच. रोगी तोच, रक्त तेच. तेव्हा विषाणूचा जनुकीय अनुक्रम न बघता निष्कर्ष काढू नकोस.

हाताने काम करताना एक गोष्ट छळेल. जुनाट हिपॅटायटिस बीच्या रक्तात विषाणू ओळखणाऱ्या सीडी८ पेशी (बाधित पेशी मारू शकणाऱ्या टी पेशी) इतक्या कमी असतात की टेट्रामरच्या (ठरावीक टी पेशींना चिकटून त्या दाखवणाऱ्या चमकत्या रेणूच्या) आलेखावर मोजकेच ठिपके दिसतात. त्यातही मेलेल्या पेशी टेट्रामरला उगाच चिकटतात. मृत पेशी ओळखणारा रंग आणि बी पेशी वगळणारी खूण वापरल्याशिवाय त्या ठिपक्यांवर विश्वास ठेवू नये. चुंबकीय मण्यांनी पेशी आधी गोळा करून घे. आणि रक्त म्हणजे यकृत नव्हे: यकृतात कायम मुक्काम ठोकणाऱ्या टी पेशी रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत. बारीक सुईने यकृताचा नमुना मिळणार असेल तर थोडा का होईना, घे.

उपचारांविषयीचा परिच्छेद छोटाच राहू दे. हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांनी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक लोकांतून विषाणू पूर्ण जातो, तरी त्यांच्या टी पेशींच्या जनुकांवरच्या थकव्याच्या खुणा बऱ्याच अंशी तशाच राहतात. हिपॅटायटिस बीमध्ये तर यकृतपेशींच्या केंद्रकातला विषाणूचा वर्तुळाकार डीएनए आताच्या औषधांनी हटत नाही, म्हणजे प्रतिजनही हटत नाही. या दोन आजारांना एकाच कोष्टकात बसवू नकोस.

नमुने गोठवण्याआधी जिवंत पेशी मोज, वितळवल्यावर पुन्हा मोज, आणि उपचारापूर्वीचा नमुना प्रत्येकाचा हवाच. दुरुस्त आराखडा झाला की पाठव, आकडेमोडीसकट.