मुलीचं ताट वेगळं करू नका

तुम्ही लिहिलंय की मुलगी 14 ची आहे, वजन वाढलंय, डाएट लावलं की दोन दिवसात सोडते आणि काही बोललं की रडते, तिला मोटिव्हेट कसं करायचं. आमच्या पोराच्या बाबतीत हेच झालं म्हणून लिहितोय.

आम्ही पण आधी एकट्या त्यालाच सुधरवायला निघालो होतो. रविवारी घरात मटण, सगळे तांबडा-पांढरा ओरपतोय आणि त्याच्या ताटात उकडलेली भाजी नि काकडी. खाली मान घालून खायचा, एक शब्द बोलायचा नाही. महिन्याभरानं गादी उचलली तर खाली वेफर्स आणि क्रीम बिस्किटांची रिकामी पाकिटं. लई वाईट वाटलं, पोराला चोरून खायची वेळ आपणच आणली म्हणून.

त्याची मान काळी पडलेली, आजी मळ समजून बेसन लावून घासायची. बालरोगतज्ज्ञ म्हणाले हा मळ नव्हे, वजन वाढून इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की मान, काखा अशा काळ्या पडतात, घासून जात नाही. लगेच शुगर तपासली. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते माप) पण त्यांनी पोरांच्या वेगळ्या तक्त्यावर बघितला, वय आणि मुलगा-मुलगी बघून, मोठ्यांचं माप यांना लावायचं नसतं. आणि किलो उतरवायची घाई नको, उंची वाढतीय तोवर वजन आहे तिथं थांबलं तरी बऱ्याच पोरांना तेवढं पुरतं म्हणाले. निम्मं टेन्शन तिथंच गेलं.

मग बदल सगळ्या घरानं केला. कोल्ड्रिंक बंद, बेकरीचं सामान बंद, माझी चहाबरोबरची खारी पण बंद. मटण चालू आहे, पण वरचा कट काढून, भाकरी आणि कोशिंबीर सगळ्यांच्याच ताटात. रात्री मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, माझा पण, कारण या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, जागरण झालं की भूक वाढते. "काय रे जाड्या" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा म्हणायचं नाही, एकदोघं रुसले, रुसू देत.

चुलते म्हणाले तालमीत घाला. पण चारचौघात शर्ट काढायचं पोराच्या जिवावर यायचं, मग जबरदस्ती केली नाही. मी आणि तो संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालायला जातो, संध्यामठ ते शालिनी पॅलेस, परत. पहिला आठवडा मुका, नंतर पेठेतल्या फुटबॉलच्या मॅचवर बोलायला लागला, मी वजनाचा विषय एकदाबी काढला नाही. डब्ल्यूएचओ या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, आमची चालून आणि गल्लीत खेळून होते आता.

मुलीची पाळी अनियमित असेल किंवा मान काळी असेल तर लवकर दाखवा, आणि वजन करताना आकडा तिच्यासमोर मोठ्यानं वाचू नका असं डॉक्टरांना आधीच फोन करून सांगून ठेवा.