जंतू मेले, विष उरलं

प्रश्न : घरच्या साखरपुड्यासाठी वीस लिटर दुधाची बासुंदी आदल्या संध्याकाळी आटवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खळखळून उकळली, मगच वाढली. तरी जेवणानंतर तीन तासांत पंधरा-वीस जणांना उलट्या झाल्या. उकळल्यावर जंतू मरतात ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मरतात. पण मरण्याआधी त्यांनी दुधात सोडलेलं विष मरत नाही. इतक्या लवकर, ताप नसताना किंवा अगदी किरकोळ तापासह उलट्या सुरू झाल्या, तर पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर जातो. हा जीवाणू साधारण चारांतल्या एका माणसाच्या नाकात काही त्रास न देता राहतो. गळवात, चिघळलेल्या जखमेत, नखुरड्यातही असतो. तिथून तो हातावर आणि हातातून पळीवर येतो. त्याचं एंटरोटॉक्सिन नावाचं विष १०० अंश सेल्सिअसला अर्धा तास उकळूनही बऱ्याच अंशी टिकतं, आणि १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी विषानेही माणूस आडवा होतो. वासात किंवा चवीत काही कळत नाही, म्हणून ‘चाखून बघितली होती’ याला अर्थ नाही.

चूक बहुधा रात्रीच झाली. आटवताना दुधातले बाकीचे बहुतेक जंतू मेले आणि नंतर हातातून पडलेल्या स्टॅफला रान मोकळं मिळालं. झाकलेल्या मोठ्या पातेल्याचा मध्यभाग पहाटेपर्यंत कोमट असतो आणि अशा उबेत हे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. ग्रॅममागे लाखभर झाले की त्रास होण्याइतकं विष जमतं. साखर आणि मीठ इतर जंतूंना जेवढं रोखतात तेवढं याला रोखत नाहीत, म्हणून खवा आणि पेढेही यातून सुटत नाहीत.

पुढच्या वेळी आटवून झालं की लगेच बासुंदी रुंद, उथळ भांड्यांत काढा. थर दोन इंचांपेक्षा जास्त नको. भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या पळीने ढवळा. दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरली पाहिजे. घरच्या फ्रिजला वीस लिटरांचा गरम माल झेपत नाही, उलट आतलं बाकी अन्नही कोमट होतं. एवढी सोय नसेल, तर बासुंदी त्याच सकाळी करा आणि वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा. हाताला जखम असलेल्या माणसाला त्या दिवशी वाढपाचं नाही, दुसरं काम द्या.

एक मात्र तपासा : पानात आदल्या दिवशीचा भात होता का? शिळ्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियस या जीवाणूचं उलटीचं विषही असंच उष्णता सोसतं. नक्की कोण, हे उरलेल्या अन्नाच्या तपासणीतूनच कळेल, म्हणून नमुना फेकू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

उपचार म्हणजे मुख्यतः पाणी. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवून घोट-घोट द्यायची. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. विष तयारच पोटात गेलेलं आहे. बहुतेक जण दिवसभरात सावरतात. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सुस्तावला, लघवी थांबली, जुलाबात रक्त दिसलं, तर मात्र थेट रुग्णालय.

प्रश्न : याच विषांना ‘सुपरअँटिजेन’ म्हणतात असं वाचलं. ‘सुपर’ कशासाठी?
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : नेहमी काय होतं ते आधी. एखादी पेशी जंतूचा तुकडा (म्हणजे अँटिजेन) एमएचसी-२ नावाच्या रेणूच्या खाचेत धरून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवते. तो तुकडा ज्या टी-पेशीच्या ग्राहीत (रिसेप्टरमध्ये) नेमका बसतो, तीच जागी होते. हे प्रमाण दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. सुपरअँटिजेन ही खाच वापरतच नाही. ते एका बाजूने एमएचसी-२ला आणि दुसऱ्या बाजूने टी-ग्राहीच्या व्ही-बीटा भागाला बाहेरूनच चिकटतं. एकाच जातीचा व्ही-बीटा असंख्य टी-पेशींवर असतो, त्यामुळे पाच ते वीस टक्के टी-पेशी एकदम पेटतात. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर ढोल-पथकं ओळीने सोडायची सोडून सगळी एकदम आत घुसवली तर काय होईल, ते पुणेकरांना सांगायला नको.

मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-२, इंटरफेरॉन-गॅमा या पेशींच्या निरोप्या रसायनांचा पूर येतो. केशवाहिन्या गळू लागतात, रक्तातलं पाणी ऊतींत झिरपतं, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडू लागतात. इथे माणसाला मारतो तो जंतूपेक्षा शरीराचाच आवेग. बासुंदीतलं विष सहसा रक्तात या थराला जात नाही. तिथली उलटी मुख्यतः आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत होते. रेणू तोच, मार्ग वेगळा.

प्रश्न : मग प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घेतला तर संरक्षण मिळेल?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. इथे कामाला येतात त्या विषाविरुद्धच्या नेमक्या अँटिबॉडीज, आणि त्या काढ्याने तयार होत नाहीत.

प्रश्न : मुलगी मासिक पाळीत कप वापरते. टॉक्सिक शॉकची भीती खरी का?
— एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : दुर्मीळ, पण खरी. टॉक्सिक शॉक म्हणजे स्टॅफच्या अशाच सुपरअँटिजेन विषाने वर सांगितल्यासारखा रक्तदाब कोसळणं. हा आजार १९७८ साली अमेरिकेत मुलांमध्ये प्रथम नोंदवला गेला. १९८० मध्ये जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉन्समुळे तो गाजला. पाळीतल्या टॉक्सिक शॉकमागचं टीएसएसटी-१ हे विष तयार व्हायला स्टॅफला ऑक्सिजन लागतो, आणि टॅम्पॉन किंवा कपाबरोबर हवा आत जाते. बहुतेक प्रौढांत या विषाविरुद्ध अँटिबॉडीज असतात. किशोरवयात नसण्याची शक्यता जास्त, म्हणून काळजी तिथे जास्त.

टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा. कप उत्पादकाने दिलेल्या वेळेपेक्षा, फार तर बारा तासांपेक्षा, जास्त ठेवू नये. हात साबणाने धुवावेत आणि दोन पाळ्यांच्या मध्ये कप उकळावा. पाळीत १०२ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा, उलट्या-जुलाब, उभं राहताच चक्कर अशी लक्षणं दिसली, तर आधी कप काढायचा आणि १०८ला फोन करायचा. तळहात-तळपायांची साल निघते ती आठवडा-दोन आठवड्यांनी. तिची वाट बघत बसू नका.

रुग्णालयात शिरेतून भरपूर द्रव देतात आणि जंतूचं ठिकाण मोकळं करतात. शस्त्रक्रियेनंतर नाकात किंवा जखमेत भरलेल्या गॉजमुळेही हा आजार होतो, तेव्हा तो गॉज आधी निघतो. जंतू मारणाऱ्या औषधासोबत क्लिंडामायसिन जोडतात, कारण ते जीवाणूचं प्रथिन बनवणंच थांबवतं, म्हणजे विषाचा कारखाना बंद. स्टॅफच्या या आजारात रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) बहुतेक वेळा निगेटिव्ह येतं. त्या अहवालावर निश्चिंत होऊ नये. बऱ्या झालेल्या काही जणींत नंतरही अँटिबॉडीज तयार होत नाहीत आणि पुढच्या पाळीत आजार उलटतो. अशा मुलीने पुढे टॅम्पॉन किंवा कप टाळून पॅडच वापरावा.