आजीच्या ओव्या, मोडीचे कागद आणि उठलेली गावे

प्रश्न : माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी फार पूर्वी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. आजी आता हयात नाही. या कॅसेट विद्यापीठाला द्याव्यात, असे घरातल्या सर्वांना वाटते. त्या कशा द्याव्यात, आणि दिल्यानंतर आमचा त्यांच्यावर काही हक्क राहतो का?
— एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : आपल्या कॅसेट हा केवळ घरचा ठेवा नाही. मराठवाड्यात विजेच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या आणि पहाटेचे दळण थांबले, तसे ओवीचे रोजचे निमित्तच गेले. आता जाते फिरते ते लग्नाच्या हळदीला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांत आपल्या परभणी-बीड भागातल्या बायांच्या ओव्याही आहेत. तरीही प्रत्येक घराची, प्रत्येक गावाची ओवी निराळी असते, त्यामुळे आपल्या आजींच्या ओव्या त्या संग्रहात आल्याच असतील, असे मुळीच धरू नये.

सर्वप्रथम प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला असलेले प्लास्टिकचे दोन छोटे टॅब मोडून टाकावेत, म्हणजे चुकून ध्वनिमुद्रणाचे लाल बटण दाबले गेले तरी आवाज पुसला जाणार नाही. पट्टीवर पांढरट बुरशी दिसली किंवा ती चिकटलेली वाटली, तर ती घरी वाजवू नये. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी. चांगल्या असलेल्या कॅसेटसुद्धा पाहुण्यांना ऐकवण्यासाठी वारंवार लावू नयेत, कारण प्रत्येक वेळी पट्टी थोडी झिजते. डिजिटल प्रत करून घेताना वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट अशी मागावी. एका तासाची स्टिरिओ फाइल सुमारे 1 जीबी भरते, म्हणून दुकानदार एमपी3 करून देण्याचा आग्रह धरतील; तो मानू नये. एमपी3 किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ऐकायला पुरेशी असते, परंतु जतन करण्याच्या कामाची नसते, कारण आकार लहान करताना जो आवाज गाळला जातो तो पुन्हा मिळत नाही. प्रत झाली तरी मूळ कॅसेट टाकून देऊ नयेत.

याहून महत्त्वाचे काम कागदावरचे आहे, आणि ते विद्यापीठातला कोणताही अभ्यासक आपल्यासाठी करू शकणार नाही. आजींचे माहेर कोणते, सासर कोणते, ओवी त्या कोणाकडून शिकल्या, जात्यावर जोडीला कोण बसायचे, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षी आणि कोणत्या निमित्ताने झाले, मध्येच ज्या ‘सोनाबाई’ला हाक मारली आहे ती नणंद की शेजारीण, हे सांगू शकणारी माणसे आज आपल्या घरात आहेत. ही माहिती सोबत नसेल, तर वीस वर्षांनी तो आवाज कोणा अनोळखी बाईचा होऊन बसेल. ओव्या उतरवून काढताना ‘महं’, ‘काहून’ असे शब्द ‘माझं’, ‘कशासाठी’ करून सुधारू नयेत. गाताना ‘सांगते बाई तुला’ असे पालुपद मध्ये मध्ये येते आणि लिहिणारा ते कंटाळून गाळतो. परंतु गाणारीला पुढची ओळ आठवायला त्याच जागेत उसंत मिळते, म्हणून तेही जसेच्या तसे लिहावे. बीड-माजलगावकडच्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या, त्या याच चालीत आणि याच पालुपदांसह, हे लक्षात घेतले म्हणजे या बारकाव्यांचे मोल कळते.

हक्काविषयी : 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा, म्हणजे येथे गाणाऱ्या आजींचा, हक्क मान्य केलेला आहे, आणि तो सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून 50 वर्षे टिकतो. म्हणून देणगीपत्र लेखीच करावे. त्यात संशोधनासाठी ऐकू द्यावे का, संकेतस्थळावर ठेवावे का, व्यावसायिक वापरास परवानगी आहे का, आणि आजींचे नाव द्यावे का, हे स्वतंत्रपणे नोंदवावे. एखाद्या ओवीत घरातल्या हयात व्यक्तीविषयी कटू उल्लेख असेल, तर तेवढा भाग ठरावीक काळ बंद ठेवण्याची अट घालता येते. ती घालण्यात संकोच करू नये. एक प्रत मात्र घरी ठेवावीच.

प्रश्न : वाड्याच्या माळवदात जुने मोडी आणि उर्दू कागद सापडले. लॅमिनेशन करून ठेवावेत का?
— एक वाचक, उदगीर, जि. लातूर

उत्तर : करू नये. लॅमिनेशन उष्णतेने होते आणि पुढे ते सुटत नाही. चिकटपट्टीही लावू नये. कागद कोरड्या हाताने सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. तारखेजवळ ‘फसली’ असे असल्यास, हैदराबाद संस्थानच्या त्या सनात 590 मिळवावेत : फसली 1340 म्हणजे इ.स. 1930-31, कारण ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि आजुर, दै, बहमन अशी त्याच्या महिन्यांची नावे होती. निजामी कारभार उर्दूत चाले, परंतु गावपातळीवरचा मजकूर मोडीत असे, त्यामुळे एकच व्यवहार दोन्ही लिप्यांत सापडू शकतो. असे कागद एकमेकांपासून वेगळे करू नयेत.

प्रश्न : आमचे गाव 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसले. जुन्या गावाची माहिती जमवायची आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक शिक्षक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी-सास्तूर परिसरात जे घडले, त्याची नोंद बहुतेक ठिकाणी मृतांच्या आणि पडलेल्या घरांच्या आकड्यांत झाली. आपले काम त्याआधीच्या गावाचे आहे. मोठ्या कागदावर वेस, पार, मारुतीचे देऊळ आणि आडाची जागा यांच्या खुणा करून तो कागद जुन्या माणसांपुढे ठेवावा, आणि त्यांच्यात होणारा वाद थांबवू नये. गल्ली कोठे वळत होती यावरचा वाद हीच उत्तम माहिती असते, म्हणून दोन्ही बाजू नावानिशी लिहून ठेवाव्यात. शेतांची जुनी नावे, पोळ्याला बैल कोणत्या वाटेने येत, गोंधळी आणि वासुदेव कोणाच्या दारी प्रथम जात, हे विचारावे. बायांची बैठक वेगळी घ्यावी, कारण पाणवठ्याची आणि जात्याची जागा त्यांनाच नेमकी ठाऊक असते. त्या रात्रीविषयी मात्र कोणी आपणहून बोलले तरच ऐकावे आणि ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारावे. पुढे काही दिवसांनी त्यांनी नको म्हटले, तर तो भाग संग्रहातून काढून त्यांना तसे कळवावे.