खोक्याचं घनफळ, लांबी, रुंदी माहीत आहे. उंची कशी काढायची?

आमच्या रावेर-सावद्याकडे केळी भरतात ते पुठ्ठ्याचं खोकं घ्या. समजा लांबी ५० सेंमी, रुंदी ४० सेंमी, घनफळ ४६ लिटर. आधी एकक जुळवा, बहुतेकांचं गणित इथंच फसतं: १ लिटर म्हणजे १००० घनसेंमी, म्हणून ४६,००० घनसेंमी.

आता तळ बघा: ५० × ४० = २००० चौसेंमी. म्हणजे १ सेंमी उंचीचा एक थर २००० घनसेंमी जागा घेतो. असे किती थर बसले? ४६,००० ÷ २००० = २३. उंची २३ सेंमी. हे थर डोळ्यांसमोर आले की सूत्र घोकावं लागत नाही.

लांबी किंवा रुंदी हवी असली तरी हेच. माहीत असलेल्या दोन मापांच्या गुणाकारानं घनफळाला भागा. खरं खोकं मोजताना टेप आतून लावा, पुठ्ठ्याची जाडी धरू नका.