पहिला प्रोजेक्ट लहान घे, पण पुरा कर

चॅट ॲप वगैरे सध्या राहू दे. खर्चाची नोंद ठेवणारा, टर्मिनलवर (जिथे आज्ञा टाइप करून काम करतात त्या खिडकीत) चालणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिही: नोंद टाकणे, यादी दाखवणे, महिन्याची बेरीज. बस.

रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्यांच्या प्रकारात, ठेवू नकोस. ०.१ ही संख्या बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) नेमकी मांडता येत नाही, म्हणून ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. चलनाच्या सर्वांत लहान एककात, म्हणजे पैशांत, पूर्णांक साठव. रुपये करण्यासाठी भागाकार फक्त दाखवताना.

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून वापर. पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरण्यासाठीची गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहून कमिट केली, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवली, तर नंतर ती ओळ पुसून काही होत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. रेपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास असलेलं कोठार) सार्वजनिक असेल तर ती की आधी रद्द कर, नवी घे, इतिहासाची सफाई त्यानंतर. ही चूक फार महागात पडते, म्हणून एवढं सांगतोय.

एरर आली की ट्रेसबॅकची (चूक कुठे झाली ते दाखवणाऱ्या पायथनच्या संदेशाची) शेवटची ओळ आधी वाच, मग वर सरकत तुझ्या स्वतःच्या फाइलचं नाव शोध. टेस्ट (प्रोग्राम नीट चालतो का हे तपासणारा कोड) लिहिताना रिकामी फाइल, ऋण रक्कम आणि २९ फेब्रुवारी विसरू नकोस.