अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या (साउथ कॅरोलिना) नदीकाठच्या बागा: पहिल्यांदा जाताय तर

पहिल्या फेरीत दोनच बागा धरा: कूपर नदीवरचं वॉटरफ्रंट पार्क आणि द्वीपकल्पाच्या टोकाचं व्हाइट पॉइंट गार्डन. दोन्हींमधलं अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवात वॉटरफ्रंट पार्कपासून करा. तिथल्या अननसाच्या कारंज्यात मुलांना पाय बुडवता येतात, धक्क्यावर झोपाळे आहेत. मग ईस्ट बे स्ट्रीटने रेनबो रोची तेरा रंगीत घरं बघत दक्षिणेकडे या आणि पुढे ‘बॅटरी’ नावाच्या किनाऱ्याच्या संरक्षक भिंतीच्या उंच कठड्यावरून चाला. हवा स्वच्छ असेल तर बंदराच्या तोंडाशी असलेला फोर्ट समटर किल्ला दिसतो; १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या पहिल्या तोफा त्याच्यावरच डागल्या गेल्या.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी निघणं. दमट उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखाच. सकाळी नऊच्या आत निघा, पाणी सोबत ठेवा.
- भरती-ओहोटीचं वेळापत्रक न बघणं. सगळ्यात महत्त्वाचं हेच! भरती सात फुटांवर गेली की पाऊस नसतानाही सखल रस्त्यांवर पाणी चढतं, आणि ते खारं असतं, गाडी त्यात घालू नका. ओहोटीला चिखलाचा उग्र वास येतो. तो खाजणाचा नैसर्गिक वास आहे, गटाराचा नव्हे.
- वसंतात उघड्या पायांनी संध्याकाळी बसणं. वारा पडला की डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटं चावतात. लांब पँट घाला.

गाडी पार्किंग इमारतीत ठेवून चालतच फिरा. बाकीच्या बागा दुसऱ्या फेरीला.