ॲपॉस्टिल : कंपनीचे कागद परदेशी पाठवण्यापूर्वी

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमची जहाजांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. लिस्बन येथे उपकंपनी नोंदवण्यासाठी तिथल्या वकिलांनी कंपनीचा नोंदणी दाखला, मेमोरंडम (कंपनीची उद्दिष्टे सांगणारा दस्त), आर्टिकल्स (कंपनीच्या अंतर्गत कारभाराचे नियम), संचालक मंडळाचा ठराव आणि मुखत्यारपत्र ॲपॉस्टिल करून मागितले आहे. नोटरीची सही झाली की पुढचे सगळे दिल्लीत होते, असे आम्हाला एका एजंटाने सांगितले. हे बरोबर आहे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, मधली एक महत्त्वाची पायरी यात सुटते आहे, आणि ती सुटल्यामुळे पूर्ण संच परत आलेला मी पाहिला आहे. ॲपॉस्टिल म्हणजे 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारानुसार दिले जाणारे प्रमाणपत्र. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे आणि पोर्तुगालही त्यात असल्यामुळे तुम्हाला पोर्तुगीज वकिलातीत वेगळे प्रमाणीकरण करून घ्यावे लागणार नाही. मात्र हे प्रमाणपत्र कागदातील मजकूर खरा असल्याची ग्वाही देत नाही. कागदावरची सही खरी आहे, सही करणाराने ती कोणत्या अधिकाराने केली आणि त्यावर कोणाचा शिक्का आहे, एवढेच ते सांगते. म्हणून परराष्ट्र मंत्रालयाला ओळखता येईल अशी सही त्या कागदावर आधी असावी लागते, आणि कंपनीच्या कागदांच्या बाबतीत ती सही चेंबर ऑफ कॉमर्सची असते. गोव्यातील कंपनीला यासाठी पणजीची गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही 1908 साली स्थापन झालेली संस्था जवळची आहे.

क्रम असा ठेवावा. ठराव कंपनीच्या लेटरहेडवर काढून त्यावर अधिकृत संचालकाची सही व कंपनीचा शिक्का घ्यावा. मुखत्यारपत्र योग्य मुद्रांकावर करून नोटरीसमोर सही करावी. नोंदणी दाखला, मेमोरंडम आणि आर्टिकल्स यांच्या प्रती खऱ्या असल्याचे संचालकांनी प्रत्येक प्रतीवर प्रमाणित करावे. त्यानंतर चेंबरचे प्रमाणीकरण आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय हे कागद थेट खिडकीवर घेत नाही, नेमून दिलेल्या सेवा संस्थांमार्फत घेते. मंत्रालयाचे शुल्क प्रत्येक कागदामागे 50 रुपये आहे. सेवा संस्थेचा आकार त्याहून वेगळा असतो, तेव्हा पावतीवर दोन्ही रकमा स्वतंत्र लिहून मागाव्यात. असे सांगायची पाळी येते, कारण एजंटाच्या एकत्रित आकड्यात नेमके कशाचे पैसे घेतले, हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही.

प्रमाणपत्र हातात आले की ते नीट पाहा. भारतात ते कागदाच्या पाठीमागे चिकटवलेल्या छापील स्टिकरच्या रूपात येते. हेग करारातील नमुन्याप्रमाणे त्यावर एक ते दहा अशा क्रमांकित नोंदी असतात आणि शीर्षक फ्रेंचमध्ये असते. यातली सही करणाराच्या नावाची व पदाची नोंद आधी वाचावी, कारण पुढची सगळी साखळी त्या एका नावावर उभी असते. स्टिकरवरच्या क्रमांकावरून ते प्रमाणपत्र परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. लिस्बनच्या वकिलांना तो क्रमांक आधीच कळवून ठेवावा. आणि एक कळकळीची विनंती : अनेक पानांचा दस्त स्कॅन करण्यासाठी त्याच्या पिना काढू नका. एका उद्योजकाच्या आर्टिकल्सच्या संचातल्या पिना कार्यालयातच उपटून पुन्हा मारल्या गेल्या, जुन्या छिद्रांशेजारी नवी छिद्रे दिसली, आणि परदेशी निबंधकाने पाने बदलली असण्याच्या शंकेवरून तो संच नाकारला. महिनाभराची मेहनत त्या दोन छिद्रांपायी वाया गेली.

पोर्तुगीज भाषांतर लागणार असेल, तर ते कोणी प्रमाणित करायचे, हे वकिलांना लेखी विचारून घ्यावे आणि मगच पैसे मोजावेत.

प्रश्न : आम्ही मडगावचे व्यापारी. दुबईत कार्यालय उघडायचे आहे. तिथेही ॲपॉस्टिल चालेल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. संयुक्त अरब अमिराती हेग करारात नाही. त्यामुळे चेंबरनंतर परराष्ट्र मंत्रालयाचे साधे प्रमाणीकरण, त्यानंतर अमिरातीच्या वकिलातीचे प्रमाणीकरण आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा लांबचा रस्ता आहे. आखाती देश म्हटले की सगळ्यांना एकच नियम, अशी आपल्याकडे समजूत आहे; पण ओमान आणि बहारीन करारात आहेत आणि सौदी अरेबियासाठी तो डिसेंबर 2022 पासून लागू झाला. देशाचे नाव घेऊनच चौकशी करा.

प्रश्न : आमच्या एका संचालकांच्या आडनावाच्या शेवटी पासपोर्टवर 'एस' आहे, तर कंपनीच्या जुन्या कागदांवर 'झेड' आहे. ॲपॉस्टिल मिळेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ॲपॉस्टिल कदाचित मिळूनही जाईल, कारण ते मजकूर तपासत नाही, अडचण पुढे, परदेशी बँकेत किंवा निबंधकाकडे येईल. गोव्यात ही गोष्ट घरोघरची आहे : पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक वळण, शाळेच्या दाखल्यात दुसरे, पासपोर्टवर तिसरे. घरच्यांना त्यात वावगे वाटत नाही, पण परदेशी बँकेतला कारकून कागदावरची अक्षरे जुळवून पाहतो आणि त्याच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती ठरतात. म्हणून आधी कंपनी निबंधकाच्या नोंदीत संचालकाचे नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे, तीच अक्षरे ठरावात आणि मुखत्यारपत्रात ठेवावीत आणि मगच चेंबरकडे जावे. तेवढा वेळ नसेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करता येते. मात्र ते मान्य होईल की नाही, हे कागद स्वीकारणाऱ्या कार्यालयावर अवलंबून असते, आणि प्रतिज्ञापत्र हासुद्धा ॲपॉस्टिल करावा लागणारा आणखी एक कागदच असतो.